रस्सा नसलेलं मटण: बीडाच्या तव्यावर चापांचं स्टेक, सांबाराचा सॉस आणि भाजलेल्या भाज्या

नागपुरात मटण म्हटलं की आधी तर्री आठवते. लालभडक, वर बोटभर तेल, पहिल्याच घासाला ठसका. त्यामुळे घरी पहिल्यांदा स्टेक करतो म्हणालो तेव्हा बाबांनी विचारलं, "अन् रस्सा?" रस्सा नाही म्हटल्यावर ते पुन्हा पेपरात घुसले.

त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. आपलं बहुतेक मटण ओलं. वाटण परतायचं, पाणी घालायचं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, नाहीतर मंद आचेवर तासभर रटरटू द्यायचं. स्टेकचा कारभार बरोबर उलटा. मसाला नाही, पाणी तर अजिबात नाही, आणि चुलीवरचा वेळ जेमतेम आठ-दहा मिनिटं. खरी मेहनत आधीच्या दिवशीची, आणि ती म्हणजे मांस कोरडं ठेवायचं आणि हात न लावता थांबायचं. आपल्या हातांना या दोन्ही गोष्टींची सवय नाही. माझे पहिले दोन प्रयत्न त्यातच वाया गेले.

मांस कोणतं

महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. मूळ कायदा १९७६ चा, बैल-वळूंची भर २०१५ च्या दुरुस्तीने पडली. त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसणारं स्टेक इथे जसंच्या तसं होत नाही. उरतात म्हशीचं अंडरकट (म्हणजे पाठीच्या आतल्या बाजूचा मऊ, बिनहाडाचा तुकडा), बोकडाच्या चापा, पोर्क आणि चिकन. मी चापा निवडल्या, कारण त्या सगळ्यांच्या घरी चालतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. अंडरकटचं शेवटी सांगतो.

चाप म्हणजे बरगडीचं हाड आणि त्याला लागून असलेला पाठीचा गोल मऊ तुकडा. जनावराचा हा भाग फारसा राबत नाही, म्हणून झटपट शिजवला तरी खाता येतो. रान, खांदा, गर्दन हे राबणारे भाग. त्यांना रस्साच बरा, त्यांचं स्टेक करायच्या भानगडीत पडू नका.

दुकानात मात्र आधीच नीट सांगावं लागतं. आपल्याकडे खाटकाचा हात सवयीने चालतो. तुम्ही "एक किलो" म्हणून फोनकडे पाहिलं की तेवढ्यात बरगडीचे बारीक तुकडे झालेले असतात. मी अख्खी पट्टी मागितली आणि दोन-दोन बरगड्या जोडून ठेवायला सांगितल्या, तर दुकानातला भाऊ सुरा हवेतच धरून म्हणाला, "इतके मोठे तुकडे शिजतीन का जी?" शिजतीन म्हटलं. त्याने आणखी एकदा खात्री करून घेतली.

जोडचाप का? एका बरगडीची चाप बोटाएवढी पातळ निघते. तिला बाहेरून रंग येईपर्यंत आतलं मांस वाळून जातं. दोन बरगड्यांची साधारण तीन सेंटिमीटर जाड होते, तेवढी हवीच. चार माणसांना आठ जोडचापा पुरतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा बरगड्या. लहान बकऱ्याच्या असल्या तर वजन ८०० ग्रॅमच्या आसपास भरतं. बकरं लहानच घ्या. बरगडी करंगळीएवढी बारीक, चरबी पांढरी, मांस गुलाबीसर लाल. हाड जाड आणि मांस काळपट लाल असेल तर त्या दिवशी सावजी करा. धुळवडीला किंवा पोळ्याच्या करीला जाऊ नका. त्या रांगेत मागे वीस जण उभे असताना जोडचापा मागायची माझी हिंमत नाही.

ताजं मटण आणि एक रात्र

"मटण ताजं पाहिजे" हे आपण लहानपणापासून ऐकतो. रश्श्यासाठी ते ठीकच आहे, तासभर शिजल्यावर सगळं मऊ होतं. पण जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि ते सैल पडायला वेळ जातो. सकाळी कापलेलं मटण दुपारी तव्यावर टाकलं तर चामड्यासारखं लागतं. माझा पहिला प्रयत्न असाच गेला. मी दोष तव्याला दिला, चूक घाईची होती.

म्हणून चापा आदल्या दिवशी आणायच्या. घरी आल्यावर नळाखाली धुवायच्या नाहीत, नाहीतर मांस पाणी धरतं आणि शिंतोडे ओटाभर उडतात ते वेगळंच. हाडांचा चुरा ओल्या कपड्याने टिपून घ्या, मग कोरड्या कपड्याने पुसा. आणि कोमट, ताजं मटण सरळ फ्रीझरमध्ये टाकू नका. स्नायू सैल व्हायच्या आत गोठलं तर ते आणखी आखडतं, पुढे कितीही शिजवा. फ्रीझर सोडून फ्रिजचा चार अंशांच्या आसपासचा भाग योग्य.

आता मीठ. ८०० ग्रॅम चापांना साधारण ८ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. दोन्ही बाजूंना आणि चरबीच्या कडेला चोळा. ताटावर जाळी ठेवा, तिच्यावर चापा मांडा आणि न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. जाळी नसेल तर ताटात चार चमचे उलटे ठेवूनही जमतं. शेजारी दुधाचं पातेलं असेल तर त्यावर झाकण घाला, आणि चापांचं ताट सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे कशावर काही ठिबकणार नाही.

मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर काढतं. दहा-पंधरा मिनिटांनी बघाल तर वर थेंब जमलेले दिसतील. मग तेच खारं पाणी हळूहळू आत मुरतं आणि वरची बाजू कोरडी पडते. सकाळी बोट लावलं तर चाप चिकट लागत नाही, कागदासारखी लागते आणि रंग थोडा गडद झालेला असतो. आपल्याला हेच हवं. रात्रभर वेळ नसेल तर निदान पाऊण तास तरी ठेवा, नाहीतर मीठ अगदी तव्यावर टाकतानाच लावा. सगळ्यात वाईट म्हणजे मीठ लावून दहा मिनिटांनी टाकणं, कारण तेव्हाच पाणी बाहेर आलेलं असतं.

दही नाही, आलं-लसूण पेस्ट नाही, कच्ची पपई तर मुळीच नाही. पपई मऊ करते खरी, पण फक्त वरवर, आणि तो लगदा तव्याला चिकटतो.

भाज्या आधी लावा

भाज्यांना चापांपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून सुरुवात त्यांनी. हे जेवण हिवाळ्याचं. मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, २२० अंशांवर ओटीजी लावणाऱ्याला घरचे बाहेर काढतील. डिसेंबर-जानेवारीत मात्र कॉटन मार्केटला सकाळी गेलात तर निवडायचं काय हाच प्रश्न पडतो. मी गाजर, रताळं, फ्लॉवर आणि छोटे अख्खे कांदे घेतो, सगळं मिळून ८०० ग्रॅम. वांगं घेत नाही. ते तेल पितं, आणि त्याचा जन्म भरितासाठी झालाय.

गाजर-रताळ्याचे अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडे मोठे तुकडे करा. फ्लॉवरचे तुरे सुरीने मधून कापा. सपाट बाजू ट्रेला टेकते आणि तिथेच रंग चढतो. धुतलेल्या भाज्या पंचावर पसरून पूर्ण कोरड्या करा. दोन मोठे चमचे तेल, मीठ, जाडसर मिरपूड, हाताने चोळा.

ओटीजी २२० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. गाजर आणि रताळं आधी, दहा मिनिटांनी फ्लॉवर आणि कांदे. एकूण पस्तीस मिनिटं, मध्ये एकदा परतायचं. एकच पथ्य पाळा: तुकडे एकमेकांना टेकता कामा नयेत. ट्रे खच्चून भरला की वाफ कोंडते आणि भाजी भाजण्याऐवजी उकडते. ट्रे लहान असेल तर दोन खेपा करा.

ओटीजी नसेल तर लोखंडी कढई घ्या. थोड्या जास्त तेलात गाजर-रताळं झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. झाकणाला जमलेलं पाणी मधून मधून पुसून टाका, ते भाजीत पडू देऊ नका. मग फ्लॉवर-कांदे घाला, झाकण काढा, आच वाढवा आणि उलथन्याने कमीत कमी ढवळा. ढवळलं की रंग येत नाही.

सांबाराचा सॉस

पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी एक खुलासा: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते वेगळं. जे शहर सांबारवडीत जुड्याच्या जुड्या भरतं, त्याला पार्सली शोधत हिंडायची गरज नाही.

या सॉसची कल्पना अर्जेंटिनाच्या चिमीचुरीवरून घेतली आहे. तिकडे पार्सली, ओरेगॅनो, लसूण, तेल आणि व्हिनेगर असतं. ओरेगॅनोऐवजी मी ओवा घालतो. दोघांच्या वासामागे थायमॉलच्या कुळातलीच द्रव्यं आहेत, त्यामुळे चिमूटभर ओवा तळहातावर चोळून टाकला की तो वास जवळपास तसाच येतो. चिमूटभरच. जास्त झाला तर पोट बिघडल्यावर घ्यायच्या औषधासारखं लागतं.

मध्यम जुडी सांबार, कोवळ्या देठांसकट. पुदिन्याची पंधरा-वीस पानं. हिवाळ्यात पातीचा लसूण मिळाला तर त्याच्या तीन-चार काड्या, नाहीतर लसणाच्या तीन पाकळ्या. एक हिरवी मिरची आणि अर्धी सुकी भिवापुरी मिरची, बिया काढून कुटलेली. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि रंगही सुरेख येतो. पाच मोठे चमचे तेल. त्यातला एक चमचा मी जवसाच्या तेलाचा घालतो. सावजी मटण जवसाच्या तेलात करायची जुनी रीत आहे, म्हणून बाबांना या सॉसमध्ये निदान एक ओळखीचा वास सापडतो. हे तेल कच्चंच घालायचं, ते फार उष्णता सोसत नाही. बाटली लहान आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा, लवकर खवट होते.

आंबटपणासाठी अर्धं लिंबू आणि दोन चमचे संत्र्याचा रस. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हिवाळाभर सोय होते. संत्रं नीट धुऊन वरची नारिंगी साल थोडी किसून घाला, आतला पांढरा भाग कडू लागतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसणीवर ती सुरकुतते. म्हणून संत्रं आधी किसायचं, सोलायचं नंतर.

मिक्सर वापरू नका. मिक्सरमध्ये पानं ठेचली जातात, पाणी सोडतात आणि आपल्या ओळखीची हिरवी चटणी तयार होते. तीही चांगलीच, पण समोशाबरोबर. धारदार सुरीने बारीक चिरा, म्हणजे तेलात पानांचे कण वेगळे दिसतील. जिरं नको, साखर नको, दाण्याचं कूट नको. तेल, मीठ, मिरची, लसूण, ओवा हे सगळं आधी मिसळून ठेवा. लिंबू आणि संत्र्याचा रस मात्र वाढायच्या पाच मिनिटं आधीच. आम्लामुळे पानांतल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. चव बिघडत नाही, पण ताटात उदास दिसतं.

तवा

जाड बीडाचा तवा किंवा लोखंडी कढई. नॉनस्टिक नको. इथे तवा जेवढा तापवायचा तेवढ्यात तो थर टिकत नाही.

खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, धूर होणारच. तवा मध्यम-मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं रिकामा तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरून न बसता गोळी होऊन पळाला पाहिजे. चापा फ्रिजमधून काढून पुन्हा एकदा पुसा, मिरपूड लावा. "तासभर आधी बाहेर काढून ठेवा" असं पुष्कळ जण सांगतात. तीन सेंटिमीटरच्या तुकड्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि नागपूरच्या हवेत मांस बाहेर ठेवणं बरंही नाही. पारा ३२ च्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त कधीच नको.

एक मोठा चमचा रिफाइंड शेंगदाणा तेल घाला. एका वेळी चारच चापा. दुसऱ्या प्रयत्नात मी आठही एकदम टाकल्या होत्या, पाहुणे बसले होते म्हणून. पहिले दहा सेकंद छान चर्र आवाज आला, मग तो बसत गेला आणि बुडबुड सुरू झाली. बघतो तर तव्यात पाणी. चापा आपल्याच पाण्यात उकडून राखाडी झाल्या, वर फेस. तेव्हापासून मी डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवतो. आवाज चुरचुरीत असेपर्यंत ठीक. तो जाड झाला की तव्यात गर्दी आहे, दोन चापा बाहेर काढा.

ओलं मांस १०० अंशांच्या पुढे तापत नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. तो खमंग तपकिरी रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, अमिनो आम्लं आणि साखरेच्या प्रक्रियेतून. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. आपण कांदा-खोबरं भाजताना जो वास घेतो त्यातही तीच असते. आणि "मोठ्या आचेवर कडा बंद केल्या की रस आत कोंडतो" हे विसरा. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ते पसरलं, पुढे प्रयोगांत खोटं ठरलं. आपण रंग आणतो तो चवीसाठी.

चापा आधी चिमट्याने उभ्या धरा, चरबीची कड तव्यावर, दीड-दोन मिनिटं. चरबी वितळते, कड कुरकुरीत होते. मग आडव्या करा आणि दर मिनिटाला उलटत राहा. एकदाच उलटायचं हा नियम मी पाळत नाही. वारंवार उलटलं की दोन्ही बाजू सारख्या शिजतात आणि बाहेरचा भाग करपत नाही. पाच मिनिटांनी आच कमी करा, चमचाभर घरचं तूप आणि सालीसकट ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या टाका, तवा किंचित कलता करून ते तूप चमच्याने दीड मिनिट चापांवर ओतत राहा. कढीपत्ता टाकायचा मोह होतो. टाकलात तर घरभर फोडणीचा वास सुटेल आणि कोणीतरी वरण कधी होणार विचारेल.

शिजलं की नाही हे सांगणारं एकच विश्वासू साधन: सुईचा थर्मामीटर. हजार रुपयांच्या आत मिळतो. सुई बाजूने, हाडाला न टेकवता मधोमध खुपसा. ६० अंश दिसले की चापा उतरवा. खाली उतरवल्यावरही दोन-चार अंश चढतात, आणि ६३ अंश व वर तीन मिनिटं विसावा ही अखंड तुकड्यांसाठी अमेरिकी कृषी खात्याने दिलेली सुरक्षित मर्यादा आहे. जाळीवर ठेवलेल्या चापांत पुन्हा सुई घालून ६३ दिसले ना ते बघा, नसतील तर मिनिटभर परत तव्यावर. थर्मामीटर नसेल तर एक चाप सुरीने कापून बघा. ती स्वयंपाक करणाऱ्याची.

आत गुलाबी दिसेल. घरात कोणीतरी "कच्चं आहे, रक्त दिसून राहिलं" म्हणेलच. ते रक्त नसतं, मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं प्रथिन असतं. पण ताटावर वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांना नको त्यांची चाप आणखी दोन मिनिटं ठेवा, ७० पर्यंत जाऊ द्या. चापेला थोडी चरबी असते, ती तेवढं सोसते.

चापा जाळीवर पाच मिनिटं ठेवा, न झाकता. झाकलं तर वाफेने कड पुन्हा मऊ पडते. दुसरी खेप त्या वेळात होते. आता सॉसमध्ये लिंबू आणि संत्र्याचा रस घाला, भाज्या ट्रेमधून काढा. आठला जेवायचं असेल तर ओटीजी सातला लावा, भाज्या सव्वासातला आत, सॉसचं चिरणं त्यानंतर, आणि तवा साडेसातला. सॉस चापेवर ओतू नका, बाजूला वाढा. कुरकुरीत कड मिळवायला एक रात्र घातली आहे.

बरोबर काय? लंबी रोटी नको, बुडवायला रस्साच नाही. आमच्याकडे ज्वारीची भाकर असते. ताटात उरलेलं तूप आणि सॉस तिने पुसून खाल्ला जातो. सुरी-काट्याची व्यवस्था करू नका, हाड हातात धरूनच खायचं.

म्हशीचं अंडरकट घेणार असाल तर ८०० ग्रॅम अख्खा तुकडा घ्या, वरचा चंदेरी पापुद्रा सुरीने सोलून काढा, तो कधीच मऊ होत नाही. साडेतीन सेंटिमीटरचे काप करा. मीठ आणि रात्रभराची पद्धत तीच. उभं धरायचं कारण नाही, कारण कडेला चरबीच नसते. त्यामुळेच ६५ च्या पुढे गेलं की कोरडं पडतं, सुई जास्त वेळा घाला. तूप थोडं सढळ. चिकनला मात्र ७४ अंश, तिथे गुलाबी चालत नाही.

उरलेला सॉस दोन दिवस फ्रिजमध्ये राहतो, शेवाळी होतो, ऑम्लेटवर छान लागतो. हाडं टाकू नका. त्या दिवशी ती सगळी बाबांनी डब्यात भरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कुकरच्या सहा शिट्ट्या ऐकू आल्या आणि मग इतवारीच्या काळ्या मसाल्याचा वास. जाऊन बघितलं तर रस्सा तयार होता, वर बोटभर तर्री.